सी भाषेतलं तीन ठिपक्यांचं (...) फंक्शन, सरासरी कामून चुकायलीय?

नांदेडचा_पोरगा: दादाहो, पावसाचे आकडे देऊन सरासरी काढणारं फंक्शन लिहिलं, पहिला आर्ग्युमेंट किती आकडे ते, पुढं तीन ठिपके, म्हंजी कितीबी आकडे देता येतात. ठिपक्यांतला एकेक आकडा काढणाऱ्या व्हीए_आर्ग मध्ये फ्लोट (छोटा दशांश टाइप) टाकलंय. क्लँग कंपायलरनं वॉर्निंग दिली पण कंपाईल झालं, आता उत्तर काहीच्या काही यायलंय.

लातूरकर: वॉर्निंग वाच की गड्या, त्यातच लिहिलंय! ठिपक्यांतून जाताना फ्लोटचा डबल (मोठा दशांश टाइप) होतो अन् कॅर, शॉर्ट या छोट्या पूर्णांक टाइपचा इंट, मग काढताना बी डबलच काढायचं. जीसीसी ह्या दुसऱ्या कंपायलरमध्ये तर प्रोग्राम तिथंच बंद पडला असता, ते परवडलं.

बीड_बाइट: आणखी एक, फंक्शनला बोलावताना नुसतं १२ लिहू नको, १२.० लिही, इथं कंपायलर इंटचा डबल करून देत नाही. आकडे ५ सांगून ४ दिलेस तरी त्याला कळत नाही, मुकादमानं सांगितलेले कोयते न मोजता उचल वाटल्यासारखं. शेवटी ठिपक्यांचं वाचन बंद करणारं व्हीए_एंड विसरू नको.

नांदेडचा_पोरगा: डबल अन् १२.० केलं, जमलं राव 🙏

जालना_जुना: सगळे एकाच टाइपचे असतील तर ॲरे (आकड्यांची यादी) अन् लांबी पाठव ना, कशाला ठिपके? अन् युजरचं इनपुट प्रिंटएफला (छापायचं फंक्शन, त्यालाबी तीन ठिपकेच) थेट फॉरमॅट म्हणून कधीच देऊ नको, त्यात टक्का-एन (%n) आलं तर मेमरीतच लिहितं ते.