एसीई अ‍ॅसे (एसीई या एन्झाइमचा वेग मोजायची चाचणी): हिप्युरिक अ‍ॅसिडचा पीक (आलेखातला उंचवटा) वाढेचना

पिपेटवाली: एचएचएल सबस्ट्रेट (एसीई जो पदार्थ तोडून हिप्युरिक अ‍ॅसिड सोडतं तो), पीएच ८.३, ३७ डिग्री, एचपीएलसीवर (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणारं यंत्र) २२८ नॅनोमीटरला बघतेय. १० मिनिटांपर्यंत पीक मस्त वाढतो आणि मग आडवाच, ४० मिनिटांनीही तेवढाच, एन्झाइम मेलं की काय?

जुना_कॉलम: मेलं नसेल गं, सबस्ट्रेट संपत आलं असेल. एचएचएलचा पीक किती उरलाय ते बघ की आधी! साधारण १० टक्क्यांच्या आत रूपांतर झालेलं असतानाच वेग मोजायचा, एन्झाइम पातळ कर.

रात्रपाळी: आणि ब्लँकमध्ये (अभिक्रिया होऊ न देता तुलनेला ठेवलेल्या नमुन्यात) एचसीएल, म्हणजे एन्झाइम थांबवणारं आम्ल, आधी, एन्झाइम नंतर. बफरमध्ये मीठ घातलंयस ना? क्लोराइड नसेल तर एचएचएलवर एसीई जवळजवळ ढिम्म, माझा आख्खा आठवडा त्यात गेला.

पिपेटवाली: मीठ आहे. पण एचएचएल जवळपास साफ! दहापट पातळ करून परत लावते.