मदत हवी आहे : चिंचेने तांबूस झालेली पितळी समई पूर्ववत कशी करावी?

नमस्कार. गौरी-गणपतीच्या तयारीसाठी माळ्यावरून काढलेली पूजेची भांडी मी नेहमीप्रमाणे चिंचेचा कोळ आणि जाडे मीठ लावून घासली. तांब्याचा कलश पाच मिनिटांत लखलखला. परंतु आजेसासूबाईंच्या पितळी समईला कोळ लावून मी ती गडबडीत रात्रभर तशीच ठेवली आणि सकाळी तिच्या बैठकीवर तांबूस डाग उमटलेले दिसले. पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू असल्याने आम्ल फार वेळ राहिल्यास पृष्ठभागावरील जस्त निघून जाते आणि तांबे उघडे पडते, हे मला नंतर समजले. त्यामुळे पुन्हा लिंबू लावण्याचे धाडस होत नाही.

कोरड्या रांगोळीने किंवा राखेने हलक्या हाताने घासल्यास हा थर निघेल का, की समई पॉलिशलाच द्यावी? शिवाय वरच्या मोराच्या पिसाऱ्यातील कोरीव रेषांत तेलाची काळी, चिकट पुटे बसली आहेत. गरम पाणी, खाण्याचा सोडा आणि दातांचा जुना ब्रश यांनी ती अर्धीच सुटली. नक्षी झिजू नये, हीच माझी मोठी काळजी आहे. ज्यांनी असे प्रत्यक्ष करून पाहिले आहे, त्यांनी कृपया पद्धत आणि लागणारा वेळ दोन्ही सांगावे.