मदत हवी आहे: कॉन्फरन्समधला इंग्रजी टॉक आपल्याकडच्या मुलांसाठी मराठीत नेटवर कसा टाकावा?

नमस्कार मंडळी,

मी मूळची रावेर तालुक्यातल्या सावद्याची. जळगावात राहते, पुण्याच्या एका कंपनीचं प्रोग्रॅमिंगचं काम घरून करते. पुण्यातच पुढच्या महिन्यात होणाऱ्या एका तंत्रज्ञान कॉन्फरन्समध्ये माझा पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेवरचा टॉक निवडला गेलाय. २५ मिनिटं बोलायचं, ५ मिनिटं प्रश्नोत्तरं. टॉक इंग्रजीत आहे आणि त्याची तयारी सुरू आहे. अडलंय ते पुढच्या कामावर.

आधी विषय सांगते. आमच्याकडे केळीचा रोजचा भाव व्हॉट्सॲपवर फिरतो, रावेरचाही आणि बऱ्हाणपूरचाही. कोणी ‘नवती १८०० पिलबाग १६५०’ (ही केळीच्या मालाची नावं) लिहितं, कोणी ‘नव. १८००/-’, कोणी आकडे इंग्रजी कळफलकावरून टाकतं, कोणी ‘वापसी’ची, म्हणजे हलक्या मालाची, ओळच गाळतं. हे मेसेज वाचून तारखेप्रमाणे तक्ता करणारा एक छोटा प्रोग्रॅम मी लिहिला. बोर्डाचा, म्हणजे जाहीर झालेला, भाव किती होता आणि शेतात आलेल्या व्यापाऱ्याने प्रत्यक्ष किती दिला, हे त्यात शेजारी-शेजारी दिसतं. वडील आणि त्यांच्या ओळखीतले शेतकरी तो तक्ता रोज बघतात.

टॉकचा गाभा मात्र देवनागरी मजकुराचा आहे. पायथॉनमध्ये मजकुराची संख्या करून देणाऱ्या इंट फंक्शनला ‘१८००’ असं मराठी आकड्यांत दिलं तरी ते बिनतक्रार संख्या परत देतं. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेला तेच जमत नाही. पण त्याच पायथॉनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरात नमुना शोधायची सोय) बॅकस्लॅश डब्ल्यू, म्हणजे ‘शब्दातलं कोणतंही अक्षर’ ही खूण, वापरून शब्द शोधायला गेलं, की ‘नवती’चा ‘नवत’ होतो आणि शेवटची वेलांटी बाहेर पडते, कारण वेलांटी-मात्रेसारख्या चिन्हांना तिथे अक्षर मानलेलंच नाही. हे इंग्रजी मजकुरावर काम करणाऱ्याला कधी दिसणार नाही. मराठीत काही करायला बसलेल्या पोराला पहिल्याच दिवशी दिसेल, आणि आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून तो गप्प बसेल.

म्हणून हा टॉक जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजातल्या मुलामुलींपर्यंत पोचावा अशी माझी फार इच्छा आहे. आयोजक इंग्रजी रेकॉर्डिंग टाकतीलच, पण मला तोच विषय मराठीत मांडून टाकायचाय.

तर विचारायचं असं: आयोजकांच्या व्हिडिओवर मराठी सबटायटल द्यावीत की घरी पुन्हा मराठीत रेकॉर्ड करावं? स्लाइड आणि कोड कोणत्या परवान्याखाली ठेवावेत? व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट दाखवावेत का? आणि इथे दुपारी लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, तर रेकॉर्डिंगचं काय करावं? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.

– सावदेकर


भुसावळकर:

ताई, आधी अभिनंदन. केळीचा भाव घेऊन कोणी पायथॉनच्या कॉन्फरन्सला चाललंय, हे वाचूनच बरं वाटलं.

मी काही टॉक दिलेत, त्यावरून सांगतो. घरी पुन्हा रेकॉर्ड करा. सबटायटल वाचत-वाचत कोड बघणं नवशिक्याला जड जातं, एका वेळी एकच गोष्ट वाचता येते. शिवाय आयोजकांचा व्हिडिओ यायला कधी कधी महिने लागतात. ब्रसेल्सच्या फॉसडेम या मुक्त सॉफ्टवेअरच्या कॉन्फरन्ससारखे आयोजक सगळे व्हिडिओ क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली मोकळे करतात, पण तुमच्या आयोजकांचं काय ते त्यांना आत्ताच मेलवर विचारून घ्या. मराठी आवृत्ती स्वतंत्र टाकायला हरकत आहे का, हेही त्याच मेलमध्ये विचारा. सहसा कोणी नाही म्हणत नाही.

लाइटचं म्हणाल तर ओबीएस स्टुडिओ हे स्क्रीन रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर वापरा. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे. सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगचा फॉरमॅट एमकेव्ही ठेवा. साधी एमपीफोर फाइल मध्येच बंद पडली तर बहुतेक वेळा उघडतच नाही. एमकेव्हीत तोवरचं रेकॉर्डिंग शाबूत राहतं. नंतर फाइल मेनूत रीमक्सचा पर्याय आहे, त्याने दोन मिनिटांत एमपीफोर करून मिळते. लॅपटॉप बॅटरीवर असला तरी वायफायचा राउटर आणि पंखा बंद होतोच, म्हणून एका दमात सगळं रेकॉर्ड करायचा हट्ट नको. चार-पाच तुकडे करा आणि जोडा. आणि आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष द्या. कॉलरला लावायचा साधा माइक घ्या. चित्र अंधुक असलं तरी लोक बघतात, आवाज घुमला की बंद करतात.

यूट्यूबचं खातं मोबाइल नंबरने पडताळून ठेवा, नाहीतर १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढत नाही. वर्णनात वेळा लिहून प्रकरणं पाडा. पहिली वेळ ०:०० हवी आणि किमान तीन प्रकरणं हवीत. ज्याला फक्त वेलांटीचा घोळ बघायचाय तो थेट तिथे जाईल.


धुळेकर:

फॉन्टकडे लक्ष द्या, एवढंच सांगायला आलो. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर स्लाइड उघडली की जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाते. तुमचा विषयच वेलांटीचा, तेव्हा फुटलेला फॉन्ट बघून प्रेक्षकांना तोच मुद्दा वाटायचा! ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ वापरा, दोन्ही मोफत आहेत. फॉन्ट आत बसवून पीडीएफ करा आणि पेनड्राइव्हवर न्या. श्रीलिपी किंवा कृतिदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर कुठून उचलला असेल तर तो युनिकोडमध्ये बदलून घ्या. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करतो त्या खिडकीत, देवनागरी नीट दिसतं का ते वेगळं तपासा, तिथे बऱ्याचदा अक्षरं एकमेकांवर चढतात. दिसत नसेल तर डेमो ज्युपिटर नोटबुकमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये दाखवा.


शिरपूरची:

ताई, स्क्रीनशॉटबद्दल. माझं काम माहितीच्या सुरक्षिततेचं आहे, म्हणून जरा स्पष्ट लिहिते.

ग्रुपचा खरा स्क्रीनशॉट टाकूच नका. नाव काळं केलं तरी नंबर राहतो, नंबर झाकला तरी फोटो राहतो. तेच नमुने स्वतः टाइप करून नवीन मेसेज तयार करा, मुद्दा तितकाच कळतो. त्यातही ‘बोर्डाचा भाव आणि प्रत्यक्ष दिलेला भाव’ हा तक्ता फार नाजूक आहे. कोणत्या शेतकऱ्याला कोणी कमी दिले हे गावातल्या माणसाला तारखेवरून आणि मालावरून लगेच ओळखता येईल. तुम्ही पुण्याला बोलून परत याल, पण त्या शेतकऱ्याला पुढची कटाई त्याच व्यापाऱ्याकडून करून घ्यायचीय. तक्ता दाखवायचाच असेल तर आकडे बदला आणि ‘हे आकडे नमुन्याचे आहेत’ असं स्लाइडवर ठळक लिहा.

कोड नेटवर टाकण्याआधी त्यात बॉटचं टोकन (पासवर्डसारखी गुप्त किल्ली) किंवा पासवर्ड राहिलाय का बघा. गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) जुन्या कमिटमधून, म्हणजे साठवलेल्या जुन्या आवृत्तीतूनही तो निघतो. एकदा बाहेर गेला असेल तर पुसत बसू नका, टोकन रद्द करून नवीन घ्या.

परवान्याचं सोपं आहे: कोडला एमआयटी परवाना, स्लाइडला क्रिएटिव्ह कॉमन्सचा बीवाय परवाना. म्हणजे कोणीही शिक्षक तुमच्या स्लाइड वर्गात वापरू शकेल, बदलू शकेल, फक्त तुमचं नाव द्यावं लागेल.


सावदेकर (धागाकर्ती):

भुसावळकर भाऊ, धुळेकर दादा, शिरपूरच्या ताई, मनापासून आभार. तक्त्याबद्दलचं ताईंचं म्हणणं एकदम पटलं. घरी वडिलांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, “बरोबर सांगतेय ती, आकडे बदल.” तक्ता आता पूर्ण नमुन्याच्या आकड्यांवर करते. आयोजकांना आजच मेल टाकते.

एक शंका अजून आहे. मराठीत बोलताना ‘लूप’, ‘फंक्शन’, ‘स्ट्रिंग’ हे शब्द तसेच ठेवावेत ना? आणि घरी आम्ही जशी बोलतो तशी लेवा बोली मध्येच आली तर धुळ्या-नंदुरबारच्या अहिराणी बोलणाऱ्या मुलांना अडेल का?


भुसावळकर:

शब्द तसेच ठेवा ताई. परीक्षेत, नोकरीत, एररच्या मेसेजमध्ये त्यांना तेच दिसणार आहेत. वाक्य मराठी असू द्या, म्हणजे झालं. बोलीचं काही टेन्शन घेऊ नका, आली तर येऊ द्या. फक्त ‘नवती’ आणि ‘पिलबाग’ समजावून सांगा: पहिल्या लागवडीचा माल ती नवती, कापलेल्या खोडाशेजारच्या पिलावर घेतलेला तो पिलबाग. नंदुरबारकडच्या मिरचीवाल्या घरातल्या मुलाला ते ठाऊक असेलच असं नाही, आणि पुण्याच्या सभागृहात तर जवळजवळ कोणालाच नसेल. तिथे एक फोटो ठेवा, शब्द कमी लागतील.


धुळेकर:

माझा पुतण्या इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पायथॉन नुकतंच सुरू झालंय. कच्चं रेकॉर्डिंग झालं की आधी त्याला पाठवा. कुठे अडला ते मिनिटासकट लिहून पाठवायला सांगतो.


सावदेकर (धागाकर्ती):

हे तर फारच चांगलं, दादा. रविवारी वेलांटीचा तुकडा आधी रेकॉर्ड करते आणि त्याची लिंक तुम्हाला खाजगी संदेशात पाठवते. ओबीएसमध्ये मराठी टाइप करताना काही अडलं तर इथेच विचारीन.