‘सृजन’, ‘सृष्टी’ की ‘निर्मिती’? एका डिजिटल चित्राच्या निमित्ताने

प्रश्न : नागपुरात चित्रकला शिकणाऱ्या माझ्या भाचीने हिरण्यगर्भाच्या, म्हणजे जगाच्या आरंभीच्या सोनेरी गर्भाच्या, कल्पनेवर संगणकावर चित्र काढले आहे. अंधाऱ्या पाण्यावर सोनेरी अंडे तरंगत आहे. चित्राखाली तिने ‘सृजन : एक डिजिटल सृष्टी’ असे लिहिले आहे. हे शब्द योग्य आहेत का?

उत्तर : ‘सृजन’ आधी पाहू, कारण आपल्याकडे नागपुरात तो फार रुळला आहे. ‘सृज्’ धातूला ‘अन’ प्रत्यय लागताना ‘ऋ’चा गुण होतो, म्हणजे ‘ऋ’च्या जागी ‘अर्’ येतो, आणि ‘सर्जन’ हे रूप सिद्ध होते. ‘विसर्जन’, ‘उत्सर्जन’ आणि ‘सर्जनशील’ याच वळणाचे आहेत. ‘विसृजन’ असे कोणी म्हणत नाही. ‘सृजन’ हे हिंदीत स्थिरावलेले रूप होय. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या आपल्या शहरात मराठी आणि हिंदी शेजारी नांदल्या, त्यामुळे ते आपल्या तोंडी आले यात नवल नाही. तरी लिहिताना मराठीने ‘सर्जन’च ठेवावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. ‘सिव्हिल सर्जन’ची आठवण होते म्हणून काही जण तो टाळतात, पण संदर्भ असता गोंधळ होत नाही.

‘सृज्’चा मूळ अर्थ सोडणे, मोकळे करणे. धनुष्यातून बाण सोडण्यालाही हाच धातू चालतो. म्हणून ‘सृष्टी’ म्हणजे कोणी बाहेरचे साहित्य आणून घडवलेली वस्तू नव्हे, तर स्वतःच्या आतून बाहेर सोडलेले सर्व काही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त (१२९) जगाच्या उत्पत्तीविषयी प्रश्न विचारते, तेव्हा ‘कुत इयं विसृष्टिः’ असाच शब्द वापरते. आपल्या महाल भागातील चितारओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या वस्तीत, गणपतीची मूर्ती घडवली जाते आणि शेवटी तिचे विसर्जन होते. जगाचा आरंभ सांगणारा शब्द आणि मूर्तीला निरोप देणारा शब्द एकाच धातूतून यावेत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आजच्या मराठीत मात्र ‘सृष्टी’ क्रियेपेक्षा तिचे फळ सांगतो. जीवसृष्टी किंवा चित्रपटसृष्टी म्हणताना आपल्या मनात एक जग असते. त्यामुळे ‘डिजिटल सृष्टी’ वाचणाऱ्याला संगणकातले जग असा अर्थ लागेल, तिने केलेले चित्र असा नव्हे.

तेथे ‘निर्मिती’ हवा. त्यात ‘मा’ म्हणजे मोजणे हा धातू आहे; मात्रा, परिमाण आणि प्रमाण हे शब्दही त्याचेच. पडद्यावरील चित्र मोजक्या बिंदूंचे असते आणि सामान्यतः प्रत्येक बिंदूच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगाला ० ते २५५ पैकी एक अंक दिलेला असतो. मोजून घडवणे हा अर्थ येथे अक्षरशः लागू पडतो. ‘डिजिटल’ऐवजी ‘अंकीय’ म्हणता येईल, परंतु ‘डिजिटल’ सर्वांना कळतो, तोच ठेवावा. ‘हिरण्यगर्भ : एक डिजिटल निर्मिती’ असे लिहिल्यास विषय आणि कृती दोन्ही नेमके सांगितले जातात.

प्रश्न : पण अंड्यालाच ‘हिरण्यगर्भ’ म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : ऋग्वेदातील हिरण्यगर्भसूक्तात (१०.१२१) अंड्याचा उल्लेख नाही, तेथे हिरण्यगर्भ हा सर्वांआधी प्रकटलेला, भूतमात्रांचा एकमेव स्वामी आहे. पाण्यावर तरंगणारे सोन्याचे अंडे शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात येते. छांदोग्य उपनिषदात अंडे फुटून चांदीच्या शकलाची पृथ्वी व सोन्याच्या शकलाचे आकाश होते. काटेकोरपणे पाहता अंड्याला ‘हिरण्मय अंड’ म्हणावे लागेल. तथापि ‘गर्भ’ या शब्दात उदर आणि त्यातला जीव असे दोन्ही अर्थ आहेत, आणि हिमाचलातील गुलेरचा चित्रकार मानकू याने सुमारे १७४० मध्ये काढलेले, वाराणसीच्या भारत कला भवनात असलेले पाण्यावरील सुवर्णअंड्याचे चित्र ‘हिरण्यगर्भ’ याच नावाने ओळखले जाते. आपल्या भाचीने ते नाव निःशंकपणे ठेवावे.