अनुभव धागा : जवळजवळ सारख्या दोन बॅडमिंटन रॅकेटींतून एक कशी निवडावी?

गंगापूररोडकर :
योनेक्सची अ‍ॅस्ट्रॉक्स 88 एस घेऊ की 88 डी? 3यू की 4यू? प्रो परवडत नाही, मग त्याच रंगाची प्ले चालेल का? सातपूरपासून नाशिकरोडपर्यंत कुठल्याही हॉलवर बाकावर बसा, अर्ध्या तासात यातला एक प्रश्न कानावर येतोच. उत्तर मात्र "मस्त आहे, घेऊन टाक" एवढंच. म्हणून हा धागा. हाताने तपासलेलं लिहा, आकडे द्या, गटिंग (रॅकेटच्या तारा) कोणतं आणि किती पाउंडांवर तेही सांगा. दुकानांची नावं नकोत, भाव तर नकोतच. पुढच्या महिन्यात ते शिळे होतात.

पंचवटीचा बॅकहँड :
मॉडेलच्या नावाआधी कोनवर (दांड्याच्या वरच्या निमुळत्या टोपीवर) काय छापलंय ते वाचा. योनेक्सच्या खुणांत 3यू म्हणजे 85 ते 89.9 ग्रॅम, 4यू म्हणजे 80 ते 84.9 आणि 5यू म्हणजे 75 ते 79.9. म्हणजे दोन 4यू रॅकेटींत जवळजवळ 5 ग्रॅमचा फरक निघू शकतो, आणि जड 4यू व हलकी 3यू यांच्यात जेमतेम एका ग्रॅमचा. त्यामुळे "3यू की 4यू" हा वाद घालण्यापेक्षा समोरचा नग तोलून बघणं बरं. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा पुरतो, सराफ बाजार गाठायची गरज नाही.

दुसरी गोष्ट तोल. फूटपट्टी कडेवर उभी धरा, तिच्यावर शाफ्ट (दांडा आणि हेड जोडणारी बारीक काठी) आडवा ठेवा, रॅकेट जिथे स्थिर राहते तिथे खूण करा आणि दांड्याच्या बुडापासून तिथपर्यंतचं अंतर मोजा. ढोबळ हिशेबाने 285 मिमीच्या आत असेल तर हेड लाइट (तारांकडचं टोक हलकं), 295च्या पुढे हेड हेवी (ते टोक जड), मधली ती इव्हन.

आता गंमत बघा. 88 ग्रॅमची, 300 मिमीवर तोलणारी कोरी रॅकेट घ्या. तिच्या दांड्यावर 5 ग्रॅमची ओव्हरग्रिप (मूळ ग्रिपवर गुंडाळायची पट्टी) चढवली की तोल 288च्या आसपास येतो. ग्रिप न चढवता फक्त गटिंग केलं, तर हेडमधल्या तारेचे साधारण 4 ग्रॅम तोच तोल 310कडे नेतात. दोन्ही केलं की पुन्हा 299. म्हणजे मित्राची गटिंग केलेली, दोन ग्रिपा गुंडाळलेली रॅकेट आणि दुकानातली कोरी रॅकेट यांत जो फरक हाताला लागतो, तो मॉडेलचा असेलच असं नाही. तुलना करायची तर दोन्ही कोऱ्या, नाहीतर दोन्ही तयार.

डबल्सचा डावा :
88 एस आणि 88 डी ही जोडी डबल्ससाठीच बनवलेली आहे. एस पुढे नेटवर खेळणाऱ्यासाठी, डी मागून मारणाऱ्यासाठी. पहिली आवृत्ती 2018ची, प्रो 2021ची, त्यानंतरची 2024ची. दोन्ही ताठ शाफ्टच्या, दोन्हींचं वजन हेडकडे, पण डीमध्ये ते जास्त. कागदावर फरक लहान, ड्राइव्हच्या (नेटवरून जाणाऱ्या सपाट, वेगवान फटक्यांच्या) देवाणघेवाणीत मोठा. तिसऱ्या-चौथ्या ड्राइव्हला डीचं हेड उशिरा येतं, फूल (शटल) अंगावर लागतं आणि आपण डिफेन्सला दोष देतो.

हॉलवरच्या डबल्समध्ये जोडीदार रोज बदलतो, पुढे कोण आणि मागे कोण हे ठरलेलं नसतं. अशा खेळाला माझं मत सरळ एसला. डी त्यानेच घ्यावी ज्याचा जोडीदार पक्का आहे आणि ज्याला पाय वापरून फुलाच्या मागे वेळेत जाता येतं. मागे पोचायला उशीर होणाऱ्याला हेड हेवी रॅकेट मदत करत नाही, शिक्षा करते.

प्रो, टूर, गेम, प्ले हे एकाच मॉडेलचे उपप्रकार, हा दुसरा घोळ. रंग आणि नाव तेच, पण ग्राफाइटचा दर्जा वेगळा आणि शाफ्टचा ताठपणाही वेगळा असू शकतो. प्रो म्हणजे प्लेची महाग आवृत्ती असं समजू नका, ती हातात वेगळीच रॅकेट असते. माहितीपत्रकात प्रत्येक उपप्रकारापुढे लवचिकतेचा शब्द दिलेला असतो, तो ओळीने वाचा. एका मॉडेलची प्ले आणि दुसऱ्या मॉडेलची प्रो यांत निवड करताना नावापेक्षा तो शब्द जास्त उपयोगी.

सिडकोवाली :
लहान मुलांसाठी विचारणाऱ्यांना थोडक्यात. जीआर 303सारख्या रॅकेटची फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची आणि शाफ्ट पोलादी असतो. सोसायटीच्या अंगणात चालेल, कोचिंग सुरू केलं की नको. सांधा सैल होतो, हेड हलतं, आणि मूल मनगटाऐवजी खांद्याने मारायला शिकतं. पुढची पायरी नॅनोरे लाइट 18आय किंवा तशीच पूर्ण ग्राफाइटची 5यू. "वाढत्या अंगाची" म्हणून 3यू घेऊ नका, शाळेचा युनिफॉर्म नाही तो.

गटिंगवाला काका :
गटिंग सारखं नसेल तर तुम्ही रॅकेटींची नाही, तारांची तुलना करताय. बीजी 65ची जाडी 0.70 मिमी, बीजी 80ची 0.68, बीजी 66 अल्टिमॅक्सची 0.65. जाड तार टिकते, आवाज बोदा. बारीक तारेवरून फूल झटकन सुटतं, आवाज खणखणीत येतो, पण फ्रेमच्या काठाजवळ फटका बसला की एका क्षणात जाते. नव्या रॅकेटचा "आवाजच वेगळा" म्हणणारे निम्मे लोक तारेचा आवाज ऐकत असतात.

टेन्शन, म्हणजे तारांची ओढ : अंगणात नायलॉनच्या फुलाने खेळणाऱ्याला 20 ते 22 पाउंड, हॉलवर नियमित खेळणाऱ्याला 23 ते 25, स्विंग खरोखर वेगवान असेल तरच 26च्या पुढे. टेन्शन वाढलं की मधला चांगला भाग लहान होतो आणि ताकद स्वतःच्या हातातून काढावी लागते. "स्मॅश जात नाही, दोन पाउंड वाढवा" ही मागणी त्यामुळे उलटी आहे. फूल कुठे जातंय त्यावर ताबा हवा असेल तर वाढवा. फ्रेमवर छापलेली वरची मर्यादा ओलांडली आणि फ्रेम बसली, तर कंपनी वॉरंटीत घेत नाही.

उभ्या तारा फ्रेमला लांबीत दाबतात, त्यामुळे ती रुंद होऊ बघते. आडव्या तारा तिला पुन्हा आत ओढतात. म्हणून आडव्या तारा 1 ते 2 पाउंड जास्त लावतात. गटिंगच्या आधी आणि नंतर हेडची लांबी-रुंदी मोजून घ्या. 2 मिमीपेक्षा जास्त फरक आला तर मशीनवर फ्रेमचे आधार नीट बसवले नव्हते असं समजा. चिरलेला ग्रोमेट (फ्रेमच्या भोकातली प्लॅस्टिकची नळी) बदलल्याशिवाय तार ओढू देऊ नका, ती पुन्हा त्याच भोकाशी तुटेल. मशीनही विचारा. हाताने फिरवायच्या क्रँकवर लावलेले 25 आणि ओढ कायम ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मशीनवरचे 25 सारखे नसतात. क्रँकवाले एक-दोन पाउंडांनी सैल लागतात. त्यातून पहिल्या दिवसातच साधारण दहा टक्के ओढ उतरते. दोन रॅकेटी ताडून बघायच्या तर एकाच मशीनवर, एकाच तारेने, एकाच दिवशी करून घ्या.

आणि एप्रिल-मे महिन्यांत उन्हात लावलेल्या गाडीत रॅकेट ठेवू नका. तार सैल पडते, मग माझ्याकडे येऊन "मागच्या वेळी कमी लावलंत का" विचारता.

नायलॉनप्रेमी :
रॅकेटच्या आधी फूल तपासा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच आहे. हवा मुंबईपेक्षा विरळ, त्यामुळे तेच फूल इथे लांब जातं. पिसांच्या फुलांच्या नळीवर 75 ते 78 असे वेगाचे आकडे असतात, आकडा मोठा तसं फूल वेगवान. मुंबईत 77 बरोबर पडत असेल तर इथे 76 मागून बघा. पण डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी हवा गार आणि दाट असते, तेच फूल आखूड पडतं, आणि बिचारी रॅकेट बदनाम होते.

नियमातली चाचणी सोपी आहे. मागच्या रेषेवरून, बाजूच्या रेषेला समांतर, खालून वर पूर्ण ताकदीने फूल मारायचं. ते समोरच्या मागच्या रेषेच्या 530 ते 990 मिमी अलीकडे पडलं तर वेग बरोबर. नायलॉनमध्ये मेविस 350च्या बुचावरची पट्टी बघा : हिरवी संथ, निळी मध्यम, लाल वेगवान. उन्हाळ्यात हिरवी, थंडीत निळी.

इंदिरानगरी :
ग्रिपबद्दल कोणीच लिहिलं नाही. योनेक्समध्ये जी4 जाड, जी5 त्याहून बारीक, म्हणजे आकडा वाढला की दांडा बारीक. इतर कंपन्यांची मोजणी वेगळी असते, त्यामुळे आकड्यावर जाऊ नका, धरून बघा. नेहमीची पकड सैल धरल्यावर बोटांची टोकं अंगठ्याच्या बुडाला जेमतेम टेकली तर ठीक. तळव्यात रुतत असतील तर दांडा बारीक आहे. मग हात सतत आवळला जातो आणि कोपर दुखायला लागतं. बारीक दांडा ओव्हरग्रिपने जाड करता येतो, जाडाचा बारीक करणं अवघड. घामट हात असेल तर टॉवेल ग्रिप उत्तम, पण ती जड असते. वर पंचवटीकरांनी दिलेला तोलाचा हिशेब तिच्यासकट पुन्हा करावा लागेल.

कॉलेजरोड सिंगल्स :
पंचवटीकर, आकडे मान्य, पण दोन रॅकेटी एकाच वजनाच्या, एकाच तोलाच्या असूनही फिरवताना वेगळ्या लागतात. वजन टोकांना वाटलंय की मधे साठलंय, हे तोलाचा बिंदू सांगत नाही. शाफ्टचं वाकणंही फूटपट्टीवर कळत नाही. त्यामुळे शेवटचा निकाल कोर्टावरच.

क्रम असा ठेवा. आधी बॅकहँड क्लिअर (समोरच्या मागच्या रेषेपर्यंत जाणारा उंच फटका) : मागच्या कोपऱ्यातून दहा मारा, किती पलीकडच्या मागच्या पट्ट्यात पडतात ते मोजा. शाफ्ट तुमच्या स्विंगला जास्त ताठ असेल तर इथेच उघडं पडतं, फूल मधेच मरतं. मग छातीच्या उंचीवरचे सपाट ड्राइव्ह, दोन्ही बाजूंना. हेडचं वजन इथे कळतं. तिसरं, अंगावर आलेल्या स्मॅशचा डिफेन्स. स्मॅश सर्वांत शेवटी, कारण त्यात मन लगेच बसतं आणि बाकीचं दिसेनासं होतं. मग रॅकेट बदलून हाच क्रम उलटा करा, नाहीतर दुसऱ्या रॅकेटच्या वाट्याला नेहमी दमलेला हात येतो.

अ‍ॅस्ट्रॉक्स 100 झेडझेडसारखी अतिताठ रॅकेट ऑलिंपिक विजेत्या व्हिक्टर अ‍ॅक्सेलसनच्या हातात शोभायची म्हणून उचलू नका. ताठ शाफ्ट वेगवान मनगटाला तंतोतंत उत्तर देतो, संथ मनगटाला काहीच देत नाही. दोन मॉडेलांत अडलात आणि खेळ मध्यम असेल, तर कमी ताठ ती घ्या.

पंचवटीचा बॅकहँड :
कॉलेजरोड, फिरवण्याचा मुद्दा बिनशर्त मान्य. काटा आणि फूटपट्टी पाच रॅकेटींतून दोन निवडायला, कोर्ट दोनांतून एक निवडायला.

नाशिकरोड जंक्शन :
जुनी घेणाऱ्यांसाठी. गटिंग काढलेली मागा. डोळ्यासमोर धरून हेड आणि शाफ्ट एका रेषेत आहेत का बघा, पिळा असेल तर सोडून द्या. फ्रेमवर नखाने टकटक करत फिरा. चीर असलेल्या जागी आवाज फुटका येतो. रंगाचा टवका आणि चीर यांत फरक असा : टवक्याच्या कडेवर नख अडतं पण खाली गुळगुळीत लागतं, चिरेत नख रेषेने सरकतं. 10 आणि 2 वाजण्याच्या जागा नीट बघा. डबल्समध्ये जोडीदाराची रॅकेट लागते ती बहुधा तिथेच. नवीन घेताना कोन आणि शाफ्टवरचे क्रमांक, होलोग्राम आणि वितरकाचं स्टिकर तपासा. योनेक्सचा भारतातला अधिकृत वितरक सनराइज आहे.

गंगापूररोडकर :
काका, एक राहिलं. खेळताना तार तुटली तर तशीच बॅगेत टाकायची का?

गटिंगवाला काका :
नाही. एक तार गेली की ओढ एका बाजूची उरते आणि फ्रेम वाकते. तिथेच कात्री घ्या. आधी मधली एक उभी आणि एक आडवी कापा, मग मधून कडेकडे, आळीपाळीने चारही बाजूंना. कडेपासून सुरुवात करू नका. सगळ्या तारा सुटल्या की रॅकेट आणून द्या, आणि तुटलेला तुकडा टाकू नका. कुठे तुटली ते बघून ग्रोमेट बदलायचा की तुमचा फटका फ्रेमच्या काठावर बसतोय ते सांगतो.