मदत हवी आहे: १२७ पटलं, पण एर्डोशच्या सिद्धतेतली शेवटची पायरी अडते

नमस्कार मंडळी. १८४९ मध्ये फ्रेंच गणिती पॉलिन्याकने अटकळ मांडली होती की ३ पेक्षा मोठी प्रत्येक विषम संख्या म्हणजे एक मूळ संख्या अधिक २ चा एखादा घात. ३० लाखांपर्यंत पडताळून पाहिल्याचंही त्याने लिहिलं होतं. पण १२७ घ्या. त्यातून १, २, ४, ८, १६, ३२, ६४ वजा केले की १२६, १२५, १२३, ११९, १११, ९५, ६३ उरतात; एकही मूळ नाही. अटकळ तिथेच कोसळते. इतकं लहान प्रत्युदाहरण सुटलं कसं, याचं मला अजून नवल वाटतं!

माझी अडचण पुढे आहे. १९५० मध्ये हंगेरियन गणिती पॉल एर्डोशने अशी बेरीज म्हणून लिहिता न येणाऱ्या विषम संख्यांची अख्खी अंकगणिती श्रेढीच दिली. २ च्या घातांक क ला २, ३, ४, ८, १२, २४ ने भागून येणाऱ्या बाक्या अशा निवडायच्या की कोणताही क कुठल्या तरी गटात पडतोच. मग श्रेढीतली विषम संख्या न घेतली, तर न वजा २ चा क-वा घात याला ३, ७, ५, १७, १३, २४१ पैकी एकाने भाग जातो. न ची निवड चिनी शेष प्रमेयातून (वेगवेगळ्या मूळ संख्यांनी भागल्यावर हव्या त्या बाक्या देणारी संख्या असतेच, असं सांगणारं प्रमेय) होते, हेही समजलं.

पण ती वजाबाकी नेमकी ३ किंवा २४१ च आली तर? मग ती मूळच ठरेल ना? ही शक्यता न वर आणखी एक अट घालून काढता येते का? अशी अट कशी शोधायची, हे कुणी सविस्तर समजावेल का? नुसता आकडा नको, त्यामागचा विचार हवा आहे.