हायब्रिड गटिंग : उभ्या तारा कोणत्या आणि आडव्या कोणत्या?

दादर_बेसलाइन

नमस्कार. माझे वय 44 आहे आणि गेली बारा वर्षे मी आठवड्यातून तीन दिवस सकाळी हार्ड कोर्टवर टेनिस खेळतो. माझी रॅकेट 100 चौरस इंचांची, 300 ग्रॅम वजनाची आणि 16 उभ्या व 19 आडव्या तारांची आहे. तिला मी नेहमी संपूर्ण पॉलिएस्टरचे (थोडक्यात ‘पॉली’, ही कडक तार असते) गटिंग, म्हणजे तारा ओढून बसवणे, 54 पौंडांच्या ताणावर करून घेत आलो. मागील डिसेंबरपासून उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूस दुखू लागले. सुरुवातीला हे दुखणे खेळून झाल्यावर तासाभरात थांबत असे, परंतु आता लोकलमध्ये वरची कडी धरून उभे राहतानाही कळ येते.

बरोबर खेळणाऱ्यांनी हायब्रिड गटिंग, म्हणजे उभ्या तारा एका प्रकारच्या आणि आडव्या दुसऱ्या प्रकारच्या, असे सुचवले, म्हणून मी एका दुकानात रॅकेट दिली आणि ‘हायब्रिड करून द्या’ एवढेच सांगितले. रॅकेट परत आली तेव्हा उभ्या तारा पूर्वीच्याच पॉलीच्या होत्या, आडव्या तारा मल्टिफिलामेंटच्या (अनेक बारीक तंतूंच्या मऊ तारेच्या) होत्या आणि दोन्हींचे टेन्शन, म्हणजे तारेचा ताण, 54 पौंडच होते. सहा आठवडे खेळून पाहिले, तरी कोपराला म्हणण्यासारखा फरक पडलेला नाही. हायब्रिडचा उपयोगच होत नाही असे समजावे, की माझ्या रॅकेटमध्ये तारांची अदलाबदल व्हायला हवी होती?

माझी सोळा वर्षांची मुलगीही खेळते. ती जोरदार टॉपस्पिन मारते आणि सिंथेटिक गटची (साधी नायलॉनची) तार दोन आठवड्यांत तोडते. तिच्यासाठी याच दोन तारांतून काही जमेल का, हेही कृपया सांगावे.

विणकर_मुलुंड

आपल्या प्रश्नातच उत्तराचा मोठा भाग आहे. आपल्याला हायब्रिड मिळाले, पण ते आपल्या तक्रारीसाठीचे नव्हते. दुकानदाराने चूक केली असेही मला म्हणवत नाही, कारण उभी पॉली आणि आडवी मऊ तार ही मांडणी सर्रास केली जाते आणि तार तोडणाऱ्या, स्पिन मारणाऱ्या खेळाडूंसाठी ती योग्यच असते. कोपर दुखते हे त्यांना सांगितले गेले नाही, आणि त्यांनीही विचारले नाही.

मी घरीच यंत्र ठेवून गटिंग करतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला पहिली गोष्ट हीच सांगतो की रॅकेटचा स्वभाव प्रामुख्याने उभ्या तारांवरून ठरतो. उभ्या तारा लांब असतात, चेंडूचा भार मुख्यतः त्याच झेलतात, आणि टॉपस्पिनचा फटका मारताना त्या बाजूला सरकून पुन्हा जागेवर येतात. या झटक्यासरशी परत येण्यामुळेच चेंडूला जास्तीची फिरकी मिळते. तारही बहुतेक वेळा उभीच तुटते, कारण आडव्या तारांवर घासून तिला खाचा पडतात. आडव्या तारा त्या स्वभावाला थोडी मुरड घालतात, पण तो बदलत नाहीत. म्हणून ज्या गुणाची आपल्याला गरज आहे, त्या गुणाची तार उभी घालावी. आपल्याला मऊपणा हवा आहे, तर मल्टिफिलामेंट उभी आणि पॉली आडवी घ्यावी.

ही कल्पना नवी नाही. रॉजर फेडरर कारकिर्दीच्या मोठ्या भागात उभ्या तारा नॅचरल गटच्या (जनावराच्या आतड्यापासून बनणाऱ्या मऊ तारेच्या) आणि आडव्या पॉलीच्या वापरत असे, आणि नोव्हाक जोकोविचनेही अनेक वर्षे याच क्रमाने तारा घातल्या आहेत. त्याआधीच्या काळात आंद्रे आगासी उभ्या तारा केव्हलरच्या वापरत असे, म्हणजे अतिशय टणक आणि टिकाऊ तार उभी. पॉलीचा काळ खऱ्या अर्थाने सुरू झाला तो 1997 साली गुस्ताव्हो कुएर्टेनने फ्रेंच ओपन जिंकल्यावर. मात्र असे व्यावसायिक खेळाडू एका सामन्यात चार-पाच ताज्या रॅकेट वापरतात. तेथे पहिल्या सात आणि नंतर दर नऊ गेम्सना नवे चेंडू येतात, आणि त्याबरोबर रॅकेटही बदलणारे खेळाडू आहेत. आपण तेच गटिंग तीन-तीन महिने चालवतो, त्यामुळे त्यांची मांडणी डोळे झाकून उचलू नये.

आता आडव्या पॉलीविषयी, कारण तिची निवड चुकली तर सगळे गणित बिघडते. ती गोल आणि गुळगुळीत असावी. पंचकोनी, षटकोनी किंवा खरबरीत पॉली आडवी घातली तर ती मल्टिफिलामेंटचे तंतू करवतीसारखे कापते. जाडी 1.20 ते 1.25 मिलिमीटर पुरे. उभी मल्टिफिलामेंट मात्र 1.30 मिलिमीटरची घ्यावी, म्हणजे ती थोडी अधिक टिकेल. गुळगुळीत पॉलीवरून मऊ तार सहज सरकते, म्हणून अशा मांडणीत स्पिनही अगदीच जात नाही. उलट दोन्ही बाजूंना मल्टिफिलामेंट असेल तर तारा एकमेकींना अडवून धरतात आणि थोड्याच दिवसांत वाकड्या होऊन तशाच राहतात.

टेन्शन दोन्हींना सारखे ठेवू नये. पॉली मुळात कडक असते, म्हणून मल्टिफिलामेंटपेक्षा ती दोन ते चार पौंड कमी ओढावी. आपण उभ्या 52 आणि आडव्या 48 पौंडांपासून सुरुवात करावी, आणि चेंडू फार उडतो असे वाटले तरच पुढच्या वेळी दोन्ही आकडे दोन-दोन पौंडांनी वाढवावेत. दोहोंतील अंतर पाच पौंडांपलीकडे नेऊ नये, अन्यथा फ्रेमवर विषम ताण येतो. गटिंग कोणत्या यंत्रावर होते हेही पाहावे, कारण हाताने फिरवून कुलूपबंद होणाऱ्या यंत्रावरचे 52 पौंड हे सतत ओढ कायम ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावरच्या 52 पौंडांपेक्षा प्रत्यक्षात ढिले भरतात. मुंबईत धोबी तलावच्या दुकानात एकदा आणि उपनगरात एकदा असे गटिंग करून घेणाऱ्यांना ‘आकडा तोच, पण रॅकेट वेगळी’ असे वाटते, त्याचे एक कारण हे आहे.

फिजिओ_पार्ले

गटिंगविषयी वरील उत्तर पुरेसे आहे. मी फक्त कोपराविषयी लिहितो. आपण ज्या जागेचे वर्णन केले आहे तेथे मनगट मागे वळवणाऱ्या स्नायूंची कंडरा हाडाला जोडलेली असते. तिच्यावर वारंवार ताण आला की जे दुखणे होते त्यालाच टेनिस एल्बो म्हणतात. सचिन तेंडुलकरला 2004 साली याच दुखण्यामुळे सामने सोडावे लागले होते, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे घरोघरी माहीत झाला. टेनिस न खेळणाऱ्यांनाही हे दुखणे होते.

मऊ तारांमुळे प्रत्येक फटक्याचा हादरा कमी होईल, परंतु आधीच दुखावलेली कंडरा त्याने बरी होत नाही. कडी धरतानाही कळ येत असेल, तर नवे गटिंग झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी कोर्टवर जाऊ नये. आधी अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवावे. साधारणपणे खेळाचा भार काही काळ कमी करून मनगटाचे व्यायाम दिले जातात. त्यांत हलके वजन हळूहळू खाली सोडण्याचा व्यायाम महत्त्वाचा असतो, पण तो किती वजनाने आणि किती वेळा करावा हे तपासणीनंतरच ठरवावे.

दोन गोष्टी स्वतःही तपासता येतील. मुठीची जाडी हाताला कमी पडत असेल तर रॅकेट अकारण आवळून धरली जाते. आणि आपला बॅकहँड एका हाताचा असेल, तर चेंडू शरीराच्या पुढे न घेता उशिरा घेतला जातो का, हे कोणाला तरी बाजूने पाहायला सांगावे. माझ्याकडे येणाऱ्या हौशी खेळाडूंमध्ये ही उशिरा मारण्याची सवय मला पुन्हा पुन्हा आढळते, आणि ती तशीच राहिली तर कितीही चांगल्या तारा घातल्या तरी दुखणे परत येते.

सर्व्ह_अँड_व्हॉली

माझे मत थोडे वेगळे आहे. कोपर इतके दुखत असताना रॅकेटमध्ये पॉली हवीच कशाला? आपल्या वयाच्या आणि आठवड्यातून तीनदा खेळणाऱ्या माणसाने निदान सहा महिने संपूर्ण मल्टिफिलामेंट वापरावे. तारा वाकड्या होतात हे खरे आहे, पण दोन गुणांच्या मध्ये बोटांनी त्या सरळ करता येतात. मी स्वतः तीन वर्षांपूर्वी पॉली सोडली आणि तिच्याकडे पुन्हा वळलो नाही.

नॅचरल गटचा उल्लेख वर आला आहे, म्हणून दोन बाबी स्पष्टपणे सांगाव्याशा वाटतात. ही तार गायीच्या आतड्याच्या आवरणातील तंतूंपासून बनते. काहींना ती त्यामुळे नको असते, आणि वेष्टनावरच्या नावावरून ते कळेलच असे नाही, म्हणून विकत घेण्यापूर्वी हे माहीत असलेले बरे. मऊपणा आणि टेन्शन टिकवणे या दोन गुणांत तिच्या तोडीची कृत्रिम तार मला अजून मिळालेली नाही, हेही तितकेच खरे. दुसरी बाब पावसाळ्याची. ती ओलावा शोषते, फुगते आणि तिचे तंतू सुटू लागतात. जून ते सप्टेंबर या मुंबईच्या दमट हवेत, अर्धवट वाळलेल्या कोर्टवर आणि पाणी पिऊन जड झालेल्या चेंडूंनी खेळताना एवढी महाग तार वापरणे मला पटत नाही. मल्टिफिलामेंटही ओलावा घेते, पण तिचे नुकसान एवढे होत नाही आणि किंमतही बरीच कमी असते.

विणकर_मुलुंड

आपले म्हणणे मला बऱ्याच अंशी मान्य आहे, आणि दुखणे कमी होईपर्यंत संपूर्ण मल्टिफिलामेंट हा अधिक सुरक्षित मार्ग आहे हे मी आधीच लिहायला हवे होते. मात्र बारा वर्षे पॉलीची सवय असलेल्या माणसाला त्यात चेंडू आवरत नाही. मग तो टेन्शन वाढवत नेतो आणि मऊ तारेचा फायदा स्वतःच घालवून बसतो. आडवी पॉली ही अशा खेळाडूसाठी मधली पायरी आहे.

एक इशारा मात्र दोन्ही प्रकारच्या हायब्रिडला लागू आहे. पॉली तुटण्याच्या बरीच आधी मरते. तिचे टेन्शन रॅकेट कपाटात पडून असली तरी उतरते, आणि लवचीकपणा गेल्यावर ती चेंडू परत ढकलत नाही, हाताला फक्त धक्का देते. खेळाडू मग अधिक जोर लावतो, आणि कोपराचे दुखणे अनेकदा येथूनच सुरू होते. तार तुटलेली नाही म्हणून गटिंग चांगले आहे असे समजू नये. पंधरा ते वीस तासांच्या खेळानंतर पॉली बदलण्याची तयारी ठेवावी. ती आडवी असेल तर थोडे अधिक चालवता येते. मोबाइलवर तारेच्या नादावरून टेन्शनचा अंदाज देणारी ॲप्स मिळतात. गटिंग झाल्या दिवशी आकडा लिहून ठेवावा आणि पुढे दर आठवड्याला त्याच्याशी ताडून पाहावा. मी स्वतः तळहाताने तारांवर हलकेच थाप मारून ऐकतो. तंबोऱ्याची तार उतरली की जसे लगेच कळते, तसेच हेही सवयीने कळू लागते. आणि रॅकेट उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवू नये, हे मुंबईत वेगळे सांगायची गरज पडू नये, तरी दर मे महिन्यात सांगावे लागते.

दादर_बेसलाइन

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या सोमवारची तपासणीची वेळ मिळाली आहे आणि तोपर्यंत मी खेळणार नाही. बॅकहँड एका हाताचाच आहे, आणि मुलीने सांगितले की मी तो उशिराच मारतो.

एक व्यावहारिक शंका उरते. हायब्रिडसाठी दोन वेगवेगळी पाकिटे घ्यावी लागतात आणि प्रत्येकातील अर्धीच तार वापरली जाते. उरलेल्या अर्ध्या तारांचे काय करावे? आणि मुलीच्या रॅकेटचा प्रश्न अजून शिल्लक आहे.

विणकर_मुलुंड

आपल्या दोन्ही शंकांचे उत्तर एकच आहे. आपल्याला उभी मल्टिफिलामेंट आणि आडवी पॉली हवी आहे, तर मुलीला नेमके उलट, म्हणजे उभी पॉली आणि आडवी मल्टिफिलामेंट. दुकानाने आपल्याला जे हायब्रिड दिले होते, ते खरे तर तिच्यासाठीचे आहे. तेव्हा एक पाकीट पॉलीचे आणि एक मल्टिफिलामेंटचे घ्यावे, आणि दोन्ही रॅकेट एकाच वेळी गटिंगला द्याव्यात. एका पाकिटात साधारण 12 मीटर तार असते. 100 चौरस इंचांच्या रॅकेटला उभ्या तारांसाठी सुमारे 6.2 मीटर आणि आडव्यांसाठी सुमारे 5.7 मीटर लागते. आपल्या बाबतीत प्रत्येक पाकिटातून एक लांब आणि एक आखूड तुकडा निघतो, त्यामुळे तार नेमकी पुरते. दोन्ही रॅकेटना एकच मांडणी करायची असती तर पाकीट बरोबर मधोमध कापावे लागले असते, आणि उभ्या तारांची शेवटची ओढ देताना यंत्राच्या चिमट्यात टोक पुरताना मारामार झाली असती. मुलीच्या रॅकेटचा चेहरा मोठा असेल तर कापण्यापूर्वी जुनी तार काढून मोजून घ्यावी. आपल्या दोघांसाठी गोल आणि गुळगुळीत पॉलीच घ्यावी. तिला कोनदार हवी असेल तरी या जोडीत ती चालणार नाही, कारण त्याच पाकिटातील तुकडा आपल्या मल्टिफिलामेंटवर घासणार आहे.

मुलीच्या टेन्शनविषयी मी सावध राहीन. सोळाव्या वर्षी तिने पॉली 48 पौंडांच्या वर घेऊ नये. आडवी मल्टिफिलामेंट 50 पौंडांवर ओढावी. तार टिकते म्हणून तीच महिनोन्‌महिने चालवू देऊ नये, आणि तिने हात दुखल्याचे एकदा जरी सांगितले, तरी तिच्याही रॅकेटमध्ये मऊ तार उभी करावी.

गटिंग करणाऱ्याला या वेळी सगळे कागदावर लिहून द्यावे : कोणत्या रॅकेटला कोणती तार उभी, कोणती आडवी आणि कोणती किती पौंडांवर. दोन तुकड्यांच्या गटिंगमध्ये गाठी चार येतात, आणि आडव्या तारा वरच्या टोकाकडून मुठीच्या दिशेने ओवायच्या असतात, म्हणजे फ्रेमवर येणारा ताण मुठीकडच्या मजबूत भागाकडे सरकत जातो. मल्टिफिलामेंटमधून पॉली ओवताना ती भर्रकन खेचली तर घर्षणाने मऊ तार भाजते आणि ती पहिल्याच आठवड्यात त्या जागी तुटते. रॅकेट हातात आल्यावर उजेडात धरून उभ्या तारांवर कोठे चकचकीत ओरखडा दिसतो का, हे तेथेच पाहून घ्यावे.